माझे इंग्रजी आणि आईचा डबा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या सभागृहात मी आजवर सतरंज्या घातल्या आहेत, हळदीकुंकवाची वाणे वाटली आहेत, चहाचे कप मोजून परत केले आहेत. परंतु या ध्वनिक्षेपकापुढे उभे राहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. चिटणीसबाई म्हणाल्या, "दुपारच्या इंग्रजीच्या वर्गात तुम्ही काय शिकलात ते सांगा." मी म्हटले, "अहो, मी सातवी पास. मी इंग्रजीवर काय बोलणार?" त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणूनच तुम्ही बोला. एम.ए. झालेल्या बाईने सांगितले तर सगळ्या जणी माना डोलावतील आणि घरी जातील." तेव्हा आता चुकले-माकले तर पदरात घ्यावे.

मी वर्गात का आले, ते आधी सांगते. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे व्याकरण तुम्हांला कोरडे वाटेल.

तीन वर्षांपूर्वी माझी आई आणि अण्णा माझ्या भावाकडे चेन्नईला गेले होते. तिथे आईच्या पोटात दुखू लागले. तपासणीत पित्ताशयात खडे निघाले आणि शस्त्रक्रिया ठरली. वहिनीची नोकरी, मुलांच्या परीक्षा, म्हणून मदतीला मी गेले. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी भाऊ पैसे भरायला खाली गेला होता. खोलीत आई खाटेवर, अण्णा खुर्चीवर आणि मी उभी. तेवढ्यात परिचारिका आली. तिला तमिळ आणि इंग्रजी येत होते, मला मराठी आणि मोडके हिंदी. तिने फडताळावरचा गोळ्यांचा डबा उचलला आणि विचारले, "हूज बॉक्स?"

प्रश्न मला कळला, बरे का! कोणाचा डबा, एवढे इंग्रजी मला येत होते. मनात उत्तर तयार झाले, 'तिचा डबा.' आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले, "हिज बॉक्स. हिज, हिज."

परिचारिकेने अण्णांकडे पाहिले. अण्णांना वाटले, ती विचारपूस करते आहे. त्यांनी हसून मान हलवली. तिने डबा अण्णांच्या हातात दिला, कागदावर काहीतरी लिहिले आणि ती गेली. अण्णांनी तो डबा शहाण्या मुलासारखा गुडघ्यावर धरून ठेवला.

त्या डब्यात आईच्या हृदयासाठी दिलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या होत्या. अशा गोळ्या शस्त्रक्रियेआधी काही दिवस बंद कराव्या लागतात, नाहीतर रक्त थांबत नाही. आपल्या इथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घरी राहिलेली. आई मध्यरात्रीपासून पाण्याच्या थेंबाशिवाय पडून होती. सकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी भावाला पुन्हा एकदा खोदून विचारले, तेव्हा सारे बाहेर आले. शस्त्रक्रिया सहा दिवस पुढे गेली. भावाची रजा वाया गेली, आईला आणखी सहा दिवस कळा सोसाव्या लागल्या. त्यांनी विचारले नसते तर काय झाले असते, हा विचार मी आजही पुरा करत नाही.

आई मला एवढेच म्हणाली, "अगं, तू तरी काय करशील?" तिने रागावले असते तर बरे वाटले असते.

परत आल्यावर मी आपल्या वर्गात नाव घातले. पहिल्याच दिवशी मी बाईंना हा प्रसंग सांगितला आणि विचारले, "बाई, माझे चुकले तरी कुठे? तिचा डबा, म्हणजे हिज बॉक्स नाही का?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर चार ओळी लिहिल्या: त्याचा डबा, त्याची पिशवी, तिचा डबा, तिची पिशवी. मग म्हणाल्या, "यांत बाई कोण आणि पुरुष कोण, हे तुम्ही कशावरून ओळखता?" मी म्हटले, "'त्या' आणि 'ति' यांवरून." "मग शेवटचे 'चा' आणि 'ची' कोणाचे?" मी विचार करून म्हटले, "ते डब्याचे आणि पिशवीचे." तिथेच माझ्या डोक्यात दिवा लागला.

भगिनींनो, हे आपण जन्मभर बोलतो, पण कधी पाहत नाही. आपल्या मराठीत अशा शब्दाला दोन टोके असतात. पुढचे टोक मालकाचे, मागचे टोक वस्तूचे. 'तिचा' यात 'ति' म्हणजे माझी आई आणि 'चा' म्हणजे डबा, कारण डबा पुल्लिंगी. इंग्रजीत मागचे टोकच नाही. तिथे फक्त मालक पाहायचा. मालक पुरुष असेल तर 'हिज', बाई असेल तर 'हर'. मग वस्तू डबा असो, पिशवी असो की पातेले असो.

मी शाळेत होते तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असे. २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. म्हणजे माझे इंग्रजी तीन वर्षांचे. त्या वेळच्या वहीत मी लिहिले होते, 'त्याचा भाऊ – हिज ब्रदर, तिची बहीण – हर सिस्टर.' उत्तरे बरोबर, परंतु माझ्या कानाने धडा उलटा घेतला. 'चा' आला की 'हिज' आणि 'ची' आली की 'हर', अशी गाठ बसली. त्यात 'हिज' ऐकायला 'हिचा'सारखे! पंचवीस-तीस वर्षे ती गाठ तशीच राहिली आणि नेमकी नको तिथे सुटली.

आता दुसरी गोष्ट. आपण 'माझ्या डब्यात' म्हणतो. 'आत' दाखवणारा 'त' शेवटी येतो, डब्याला चिकटून येतो आणि येताना घरातल्या सगळ्यांना हलवतो. डबा होता त्याचे 'डब्या' होते, माझा होता त्याचे 'माझ्या' होते. इंग्रजीत हा पाहुणा दारातच उभा राहतो: 'इन माय बॉक्स.' आधी 'इन', मग 'माय', मग 'बॉक्स'. कोणी कोणाला चिकटत नाही, कोणी रूप बदलत नाही. आपली गाडी जणू मागच्या इंजिनाने ढकललेली, त्यांची पुढच्या इंजिनाने ओढलेली. डबे तेच.

बाईंनी आम्हांला एक सोपी सवय लावली. आधी मराठी वाक्यातले शेवटचे शेपूट शोधायचे, ते पुढे आणायचे, मग कोणाचे ते सांगायचे आणि शेवटी वस्तू. 'त्याच्या टेबलावर' यातले 'वर' पुढे आणा: 'ऑन हिज टेबल.' 'आमच्या घरापासून' यातले 'पासून' पुढे आणा: 'फ्रॉम अवर हाउस.' 'त्यांच्या आईबरोबर': 'विथ देअर मदर.' 'तिच्या शाळेला': 'टू हर स्कूल.' मी भाजी निवडताना हेच करत बसे. यजमान एकदा म्हणाले, "मेथीशी इंग्रजीत बोलतेस काय?" मी म्हटले, "मेथी तरी माझे ऐकून घेते."

एका बाबतीत इंग्रजी आपल्यापेक्षा फार सोपे आहे. माझा, माझी, माझे, माझ्या या सगळ्यांना मिळून एकच शब्द, 'माय'. आपल्याकडे आईलाही माय म्हणतात. माय जशी कोणत्याही लेकराजवळ जाते, तसा हा शब्द कोणत्याही नामाजवळ जातो. म्हणून तो मला पहिल्या दिवशीच पाठ झाला.

परंतु याच 'माय'ने पुढे मला फसवले. बाईंनी विचारले, "माझ्याबरोबर ये, हे कसे म्हणाल?" मी झटकन म्हटले, "कम विथ माय." बाई म्हणाल्या, "विथ माय काय? माय आई, माय बहीण, माय छत्री?" मी गप्प. मग त्यांनी उलगडून सांगितले. आपल्याकडे माझ्याबरोबर, माझ्यासाठी, माझ्याकडून, माझ्याविषयी अशा सगळ्या शब्दांत 'माझ्या' दडलेले असते, मग पुढे वस्तू असो वा नसो. इंग्रजीत तसे नाही. 'माय'ला मागे कोणीतरी लागतेच. मागे नाम असेल तर 'फॉर माय सन', म्हणजे माझ्या मुलासाठी. मागे कोणीच नसेल तर 'फॉर मी', म्हणजे माझ्यासाठी. 'फॉर माय' म्हणून थांबलात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

पुरुषाचेही तसेच: 'फॉर हिम' म्हणजे त्याच्यासाठी आणि 'फॉर हिज सन' म्हणजे त्याच्या मुलासाठी. पण बाईमाणसाला मात्र इंग्रजीने दोन्हीकडे एकाच शब्दावर राबवले आहे. 'टू हर' म्हणजे तिला आणि 'टू हर सन' म्हणजे तिच्या मुलाला. ही मला घरातल्या गृहिणीसारखी वाटली, एकाच लुगड्यावर स्वयंपाकही आणि पाहुणेही!

आणि मागे नाम नसताना मालकीच सांगायची असेल तर? 'हा डबा माझा आहे' याला 'माय' चालत नाही, 'माइन' लागते. 'धिस बॉक्स इज माइन.' तिचा असेल तर 'हर्स', त्याचा असेल तर पुन्हा 'हिज'च. त्या संध्याकाळी मला एवढा एकच शब्द हवा होता, 'हर्स'. याच 'माइन'चा आणखी एक उपयोग आहे. 'माझी एक मैत्रीण' याला आम्ही सगळ्या जणी 'अ माय फ्रेंड' म्हणत होतो. इंग्रजीत 'अ' आणि 'माय' एका पाटावर बसत नाहीत. तिथे 'अ फ्रेंड ऑफ माइन' म्हणावे लागते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत गोड वाटली. आपण म्हणतो, 'माझी वाट बघ.' मी भाषांतर करायला बसले तर 'माझी'साठी 'माय' तयार होते, पण इंग्रजीत वाटच सापडेना! ते म्हणतात, 'वेट फॉर मी.' आपण 'माझे ऐक' म्हणतो, ते 'लिसन टू मी' म्हणतात. आपण 'मुलांची काळजी घे' म्हणतो, ते 'टेक केअर ऑफ द चिल्ड्रेन' म्हणतात. 'मला हसू नकोस' याला 'डोन्ट लाफ अ‍ॅट मी.' म्हणजे जिथे आपण 'माझे, माझी, मला' म्हणतो, तिथे ते पुष्कळदा एखादा छोटा शब्द पुढे ठेवतात. कुठे फॉर, कुठे टू, कुठे ऑफ, कुठे अ‍ॅट. कुठे कोणता, याला एक नियम नाही. बाई म्हणाल्या, "नवरा-बायकोची जोडी पाठ करता तशी ही जोडी पाठ करा. वेटचा फॉर, लिसनचा टू, केअरचा ऑफ." तेव्हापासून आमच्या वर्गात 'वेटचे यजमान कोण?' असा प्रश्न विचारला जातो.

उलट काही ठिकाणी आपण मालकाचे नावच घेत नाही. 'मी हात धुतले' म्हणतो. कोणाचे, ते सांगावे लागत नाही, स्वतःचेच धुणार! इंग्रजीत 'आय वॉश्ड माय हँड्स' असे माझे माझे करावे लागते. 'तिने डोक्यावर पदर घेतला' यातही 'ऑन हर हेड' लागते. आपल्याला हे स्वार्थीपणाचे वाटते, परंतु दवाखान्यात याचा फार उपयोग. 'पोटात दुखते' एवढे आपण म्हणतो आणि डॉक्टर आपल्या तोंडाकडे पाहून समजतात. इंग्रजीत 'पेन इन माय स्टमक' की 'पेन इन हर स्टमक' हे सांगावेच लागते. आजाऱ्याबरोबर गेलेल्या बाईने 'माय' म्हटले तर तपासायला तिलाच झोपवतील.

तुम्हांला वाटेल, मी इंग्रजीची फार स्तुती करते आहे. नाही. एका ठिकाणी आपली मराठी इतकी नेटकी आहे की मला तिचा अभिमान वाटला. 'शेजारीण मंगळागौरीला आली होती. ती आपल्या पिशवीतून नारळ घेऊन गेली.' आता पिशवी कोणाची? शेजारणीची स्वतःची, यात संशय नाही, कारण आपण 'आपल्या' म्हटले. 'तिच्या पिशवीतून' म्हटले असते तर पिशवी दुसऱ्या कोणाची असावी, अशी शंका आली असती. इंग्रजीत दोन्हींना 'इन हर बॅग'. नारळ कोणाच्या पिशवीतून गेला हे इंग्रजांना विचारावे लागते! फारच गरज पडली तर ते 'हर ओन बॅग' म्हणतात.

तसेच 'आमचे' आणि 'आपले'. 'आमचे मंडळ' म्हटले तर समोरचा बाहेर राहतो, 'आपले मंडळ' म्हटले तर तो आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच 'अवर'. आज या सभागृहात मी 'आपले मंडळ' म्हणते त्यात जो ओलावा आहे, तो मला इंग्रजीत एका शब्दात आणता येत नाही.

एकदा मी वैतागून बाईंना म्हटले, "बाई, या इंग्रजांना आपल्यासारखे प्रत्यय का नाहीत?" त्या म्हणाल्या, "होते की. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना प्रत्यय लागत. वापरून वापरून ते झिजले आणि त्यांचे काम पुढच्या छोट्या शब्दांकडे आले. एक मात्र उरला, तो 'मदर्स बॉक्स'मधला 'स'." म्हणजे 'आईचा डबा'. पाहा, इथे त्यांची गाडी आपल्याच रुळावर आली, आधी आई, मग चा, मग डबा! माणसांसाठी बहुधा हा 'स' वापरावा आणि निर्जीव वस्तूंसाठी 'ऑफ', जसे 'द डोअर ऑफ द हाउस', असे बाईंनी सांगितले.

आणि 'हिज'च्या बाबतीत तर त्यांनी माझे मोठेच सांत्वन केले. निर्जीव वस्तूसाठी आज जो 'इट्स' शब्द आहे, तो पूर्वी नव्हताच. तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस छापील पुस्तकांत दिसू लागला. त्याआधी निर्जीव वस्तूलाही 'हिज'च म्हणत. १६११ साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात मिठालासुद्धा 'हिज' म्हटले आहे. ज्यांची भाषा त्यांनाही हे शब्द ठाकठीक लावायला शतके लागली, तर मला दोन वर्षे लागली यात लाज कसली?

असो. आता शेवटचे.

गेल्या वर्षी आईला तपासणीसाठी पुन्हा त्याच शहरात नेले होते. या वेळीही भाऊ खाली गेला होता, आणि परिचारिका आली. तीच नव्हे, दुसरी. तिने डब्याकडे बोट केले. माझ्या छातीत धडधडले. बाईंनी एक युक्ती शिकवली होती: जिथे हिज-हरचा घोटाळा होईल, तिथे सरळ नाते सांगा. मी एक श्वास घेतला आणि म्हणाले, "धिस इज माय मदर्स बॉक्स. दीज टॅब्लेट्स आर फॉर हर हार्ट. नॉट फॉर माय फादर." तिने मान हलवली, आईच्या कागदावर लिहिले आणि मला दाखवून विचारले, "करेक्ट?" मी वाचले. आईचे नाव होते. मी म्हटले, "करेक्ट."

एवढीशी तीन वाक्ये. त्यांत माय आहे, हर आहे, फॉर आहे आणि आईचा 'स' आहे. दोन वर्षांच्या दुपारी त्यासाठी खर्ची पडल्या असे कोणी म्हटले, तर मी म्हणेन, स्वस्तात मिळाली. अण्णांनी आईला विचारले, "काय म्हणाली गं ही?" आई म्हणाली, "डबा माझा आहे, तुमचा नाही, असं सांगितलं तिनं."

भगिनींनो, घरी गेल्यावर दोन कामे आजच करा. आजाऱ्याच्या गोळ्यांच्या डब्यावर त्याचे नाव मराठीत आणि इंग्रजीत चिकटवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्या डब्यातच ठेवा. आणि तिसरे काम दुपारी जेवणे आटोपल्यावर करा: आपल्या वर्गाला या. चुकलात तर हसणारे तिथे कोणी नाही. 'कम विथ माय' म्हणणारी बाई आज तुमच्यासमोर भाषण करून गेली, एवढे लक्षात ठेवा.